शिंकणारे मूल आणि शक्तीची बाटली

पावसाळा सरत आला, गवत फुलले, की आमच्या कामगार वस्तीत कितीतरी मुलांची नाके वाहू लागतात, डोळे खाजतात. "पोरात शक्तीच नाही," असे आई म्हणते आणि पगाराच्या दिवशी शक्तिवर्धक काढ्याची बाटली घरात येते.

वास्तविक येथे शक्तीचा दुष्काळ नसतो. शरीराचे पहारेकरी जागेच असतात. पण ते वाटसरूलाच चोर समजून झोडपतात. 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेल्या गाजरगवताचा पराग हा असाच एक वाटसरू. अॅलर्जी म्हणतात ती हीच. मग पहारेकऱ्यांना खुराक देऊन काय साधणार?

"झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?" हाही भ्रमच. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरात विकली जाणारी, दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. 2004 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 14 औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक होते. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते. मधमाश्यांनी गोळा केलेला पराग उतारा म्हणून देतात. त्यानेच अॅलर्जी उसळू शकते. वर्षाच्या आतील बाळाला तर मध मुळीच देऊ नये.

मी वैद्य नव्हे. पगारपत्रकातील प्रत्येक कपात वाचा, एवढेच आजवर सांगत आलो. बाटलीवरचे घटकही तसेच वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. मूल खेळून आले की हातपाय, तोंड धुवा, कपडे बदला. वाचलेल्या पैशांत डाळ, भाजी, फळ आणा. मात्र छाती वाजू लागली, धाप लागली, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.