टोमॅटो चेहऱ्याला लावताय? मग चार झाडं परसात लावा

टोमॅटोची तोडणी करणाऱ्या बायकांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. दिवसभर झाडांत हात घालून बोटं हिरवी-काळी होतात, नुसत्या साबणाने ती निघत नाहीत. मग एखादा फुटका टोमॅटो हातावर चोळायचा, की डाग सुटतो. हे काम टोमॅटोतल्या आंबटपणाचं. आता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून तोच टोमॅटो चेहऱ्यावरही चोळला जातोय. त्यात फारसं वावगं नाही. पण टोमॅटो आला कुठून, हे कुणी विचारत नाही.

प्लॉटमध्ये करपा, नागअळी, फळ पोखरणारी अळी यांच्यासाठी फवारण्या चालूच असतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस जाऊ द्यायचे, ते औषधासोबतच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. भाव चढला की ते दिवस पाळले जातातच असं नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको. धुतल्यावर सालीवरचं बरंचसं औषध जातं, आंतरप्रवाही औषध मात्र झाडात भिनलेलं असतं, ते धुऊन जात नाही. म्हणून चेहऱ्याला लावायचा आणि लेकरांना कच्चा खायला द्यायचा टोमॅटो घरचाच बरा.

त्याला जागा फार लागत नाही. फूटभर खोल फुटकी बादली किंवा तेलाचा पत्र्याचा डबा चालतो, बुडाला भोकं पाडून. औषधाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतला तरी नको. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. नर्सरीतून चार आठवड्यांची रोपं आणावीत किंवा राहुरी कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री अशा सुधारित जातीचं बी टाकावं. या जातींचं बी पुढच्या वर्षी धरता येतं, हायब्रीडचं धरून उपयोग नाही. लावताना खालची पानं काढून खोड थोडं खोल गाडावं, गाडलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात.

ऊन सहा तास तरी हवं. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेलं झाड सोपं जातं. कडक उन्हाळ्यात, पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळतात. पाणी रोज थोडं थोडं द्यावं. चार दिवस कोरडं आणि मग बादलीभर, असं केलं की फळं तडकतात आणि बुडाला काळा डाग पडतो. तो रोग नव्हे, फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा आणि निंबोळी अर्क पुरतो: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून. पानं आकसून झाड बुटकं राहिलं तर तो व्हायरस, झाड उपटून लांब टाकावं. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत फळ पिकतं.

आता चेहऱ्याचं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रस लावून एक दिवस थांबावं. खाज किंवा लाली आली तर नाद सोडावा. नाही आली, तर पिकलेली फोड हलक्या हाताने फिरवून पाच-दहा मिनिटांत साध्या पाण्याने धुवावं. तेलकटपणा थोडा वेळ कमी होतो, तोंड ताजं वाटतं, एवढंच. व्हिडिओत त्यात लिंबू आणि खायचा सोडा घालायला सांगतात, ते करू नये, कातडी भाजल्यासारखी होते. फुटलेल्या पुळ्यांवर किंवा नुकती दाढी केलेल्या गालावरही लावू नये.

खरा फायदा पोटातून होतो. जर्मनीत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांना दहा आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत दिली. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम उन्हाने कातडी लाल होण्याचं प्रमाण त्यांच्यात सुमारे ४० टक्के कमी दिसलं. टोमॅटोतलं लाल द्रव्य, लायकोपीन, शिजवल्यावर आणि तेलासोबत अंगाला चांगलं लागतं. आपली तव्यावरची तेलातली टोमॅटोची चटणी याच कामाची.

वांग मात्र टोमॅटोने जात नाही. गरोदरपणानंतर गालावर आलेला वांग घालवायला बायका महिनोन् महिने हे चोळत बसतात, नाहीतर मेडिकलमधून कुणीतरी सांगितलेली गोरेपणाची ट्यूब आणतात. अशा ट्यूबमध्ये स्टेरॉईड असलं तर आठवडाभर चेहरा उजळतो, नंतर कातडी पातळ होऊन लाल पडते. शेतात जाताना तोंडाला स्कार्फ बांधावा आणि त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवावं. सरकारी दवाखान्यात ते कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून गेलं म्हणजे खेप वाया जात नाही.