रात्रपाळीचा साक्षीदार

रायपूरजवळच्या उरला येथील पोलादाच्या भट्ट्या रात्रीही विझत नाहीत. अशा एखाद्या कारखान्यातील कामगार मध्यरात्री भाजला आणि त्याला शहरातील मोठ्या शासकीय रुग्णालयात आणले, तर प्रथम त्याला कोण पाहतो? बहुधा अधिष्ठाताही नव्हे आणि विभागप्रमुखही नव्हे. त्याला पाहतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे वैद्यकाची पदवी घेऊन पुढील शिक्षण घेत असलेला तरुण किंवा तरुणी. त्वचा किती भाजली आहे याचा अंदाज तोच बांधतो, आणि शिरेतून किती द्रव द्यावयाचा याचे गणितही तोच मांडतो. मोठ्या भाजण्यात रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर पाझरतो व रक्ताभिसरण ढासळू लागते. म्हणून आरंभीचे काही तास फार मोलाचे असतात.

त्या घटकेला कोणते औषध संपले आहे, कोणते यंत्र बिघडले आहे, रक्तपेढीकडे धावण्यास माणूस आहे की नाही, हे या डॉक्टराइतके कोणास ठाऊक असणार? परंतु खरेदी, खाटा आणि पाळ्या यांचा निर्णय करणाऱ्या बैठकीत त्याला सहसा स्थान नसते. बोटाला चटका बसताच ज्ञानतंतू ती वार्ता मेंदूकडे नेतात. हे तंतू निकामी झाले तर बोट जळत राहील आणि मेंदूला त्याचा पत्ताही लागणार नाही. रुग्णालयाचेही तसेच आहे.

तरुण डॉक्टरांनी रुग्णालयाच्या कारभारात भाग घेतल्याचे एक उदाहरण छत्तीसगडातच आहे. दल्ली-राजहरा हे गाव भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारे. तेथे जून १९७७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात काही खाणकामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील कामगारांनी वर्गणी आणि श्रमदान यांतून रुग्णालय उभारले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले, व त्याचे नाव 'शहीद हॉस्पिटल' असे ठेवण्यात आले. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर तेथे आले तेव्हा तरुणच होते. रुग्णालय कसे चालवावे, हे डॉक्टर, आरोग्यसेवक आणि कामगारांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवीत. अनावश्यक औषधे व सुया टाळण्याचा आग्रह तेथे धरला गेला. याच चळवळीचे काम पुढे उरल्याच्या कामगारांपर्यंतही पोचले.

कोणी म्हणेल, अनुभव नसलेल्यांच्या हाती कारभार कसा द्यावा? शंका रास्त आहे. अंतिम जबाबदारी ज्येष्ठांचीच राहावी. पण निर्णयापूर्वी कनिष्ठांचे म्हणणे ऐकून घेण्यास ती आड येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणीसूची प्रसिद्ध केली. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे तीत एक कलम आहे. एकदा बोललेला मनुष्य पुढे चूक दिसल्यास पुन्हा बोलण्यास धजावतो. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत सूची वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १·५ वरून ०·८ वर आले. पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मात्र असा लक्षणीय फरक आढळला नाही. कागद भरला म्हणजे संवाद झाला असे नव्हे!

कामाच्या तासांचेही असेच आहे. सलग काम साधारणतः दिवसाला १२ तासांहून व आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत नमूद आहे. तरीही अनेक ठिकाणी सलग चोवीस तासांहून लांब पाळ्या होत राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टरची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि निवासी डॉक्टरांचे म्हणणेही ऐकून घेण्यास सांगितले. जे रोजच्या बैठकीत व्हावयास हवे, त्यासाठी एवढा मोठा आघात व्हावा लागला.

उपाय खर्चाचा नाही. खरेदी, सुरक्षा व पाळ्या यांच्या समित्यांत निवासी डॉक्टरांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. त्यांनी मांडलेल्या अडचणींचे काय झाले, ते पुढील बैठकीत सांगितले जावे. उणीव दाखविणाऱ्यास परीक्षेचे भय नसावे. आजचा निवासी डॉक्टर उद्याचा विभागप्रमुख आहे. कारभाराचे शिक्षण त्याला याच वयात मिळाले पाहिजे. आणि उरल्याहून मध्यरात्री येणाऱ्या भाजलेल्या कामगाराला तर उद्यापर्यंत थांबण्याइतका अवधीच नसतो.