चौदाशे किलोमीटर जास्त, तरी लवकर

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान कुठल्या दिशेने जात असेल? ऑक्टोबर २०१६ पर्यंत एअर इंडियाचं विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. मग त्याचं तोंड पूर्वेकडे वळवलं गेलं. चीन, जपान आणि पुढे अथांग पॅसिफिक. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटरने लांब. मुंबईहून मोटारीने दिल्ली गाठावी, साधारण तेवढी जादा मजल. आणि विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, जुन्या वाटेपेक्षा लवकर!

भागाकार करून बघा. ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. बोइंग ७७७ स्वतःच्या बळावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. वरचे दीडशे दिले वाऱ्याने.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे प्रचंड झोत वाहत असतात. ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात ते हेच. हिवाळ्यात जपानवर त्यांचा जोर विलक्षण असतो. पूर्वेकडे जाणारं विमान त्यात शिरलं की भर पुरात सोडलेल्या होडीसारखं पुढे रेटलं जातं.

इथे एक गैरसमज हटकून डोकं वर काढतो. पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेचा प्रवास लवकर संपतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेत विमानही. पण पृथ्वीच्या फिरण्यानेच हे वारे पूर्वेकडे वळतात, ही खरी गंमत. विषुववृत्तावरची जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते, दिल्लीच्या अक्षांशावरची जेमतेम १,४७०. विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा उत्तरेकडे सरकते तेव्हा तो जादा वेग सोबत घेऊन येते आणि खालच्या जमिनीच्या पुढे धावू लागते.

हे वारे ओळखणाऱ्यांत पहिलं नाव घ्यावं ते जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांचं. १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून ते फुगे सोडायचे आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचे. वर गेलेला फुगा बघता बघता पूर्वेकडे पळायचा. जगाने वाचावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो या जागतिक म्हणून घडवलेल्या भाषेत छापला. दुर्दैवाने तो फारसा कुणी वाचलाच नाही. १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्याने भंडावून सोडलं, तेव्हा कुठे त्याची ताकद जगाच्या ध्यानात आली.

घरात पृथ्वीगोल असेल तर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून बघा. तो ना अटलांटिकवरून जाईल, ना पॅसिफिकच्या मधून. हिमालय, सायबेरिया आणि आर्क्टिक ओलांडून तो अलास्कावरून खाली उतरेल. सर्वांत जवळची वाट तीच, सुमारे १२,४०० किलोमीटरची. पण एवढ्या उंच पर्वतरांगेवर काही बिघाड झाला तर विमानाला पटकन खाली येता येत नाही, म्हणून वैमानिक हिमालयाला वळसा घालतात.

परतीचं विमान मात्र अटलांटिकवरून यायचं. म्हणजे जाताना पूर्वेकडे आणि येतानाही पूर्वेकडेच! दोन्ही वेळा वारा पाठीशी, आणि दिल्लीला परतेपर्यंत पृथ्वीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा झालेली.