केबल चोर नेतो की आपणच मोडतो?

गैरसमज: केबल म्हणजे तांबं, तांबं म्हणजे चोरी. म्हणून सगळ्यांच्या वापरातल्या केबली कपाटात कुलूपबंदच हव्यात.

वस्तुस्थिती: अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीसारख्या सातपुड्यातल्या भिल्लवस्तीच्या गावांविषयी बोलताना, विषय शाळेतल्या टॅबचा असो की अंगणवाडीच्या मोबाइलचा, एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तिकडे केबल टिकतच नाही, पोरं नेतात.’ बोलणाऱ्याने केबल कोणी नेताना पाहिलेलं नसतं. ती किती होती, कधी आणली, याची नोंदही नसते. तरी चोर ठरलेला!

आधी तांब्याचा हिशोब करू. शेतातल्या पंपाच्या केबली चोरीला जातात, हे खरंच आहे. चार चौरस मिलिमीटरच्या थ्री कोअर केबलच्या शंभर मीटरमध्ये जवळपास पावणेअकरा किलो तांबं असतं. त्यासाठी रात्री कोणी शेतात शिरेल. मोबाइलच्या मीटरभर चार्जिंग केबलीत मात्र तांबं निघतं पाच-दहा ग्रॅम. भंगारात किलोला हजार रुपये मिळतात असं धरलं, तरी ते दहा रुपयांच्या वर जात नाही. पंपाच्या केबलीची भीती चार्जरच्या केबलीला चिकटवण्यात अर्थ नाही. कोणी चार्जरची केबल उचललीच, तर ती फोन चार्ज करायला. म्हणजे गरज चार्जिंगची आहे आणि कपाटाला कुलूप लावून ती भागत नाही.

मग केबली जातात कुठे? बऱ्याचशा पिनपाशी तुटतात. आतल्या बारीक तारा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकल्या की एकेक करून तुटत जातात. वरचं आवरण शाबूत दिसतं, चार्जिंग मात्र थांबतं. कुलपाची पद्धत नेमका हाच त्रास वाढवते. रोज केबल काढायची, वापरायची, चार्जरभोवती करकचून गुंडाळायची आणि कोंबून ठेवायची. किल्लीवाले गुरुजी रजेवर गेले की जो तो घरून मिळेल ती केबल आणतो. वर्षअखेरीला कपाट उघडावं तर निम्म्या केबली मेलेल्या, काही फेकून दिलेल्या, आणि ठपका मुलांवर.

हा ठपका इतक्या सहज का बसतो, हेही एकदा बोलायला हवं. इंग्रजांनी खान्देशात 1825 मध्ये भिल्ल एजन्सी आणि भिल्ल पलटण उभी केली, तेव्हाच्या त्यांच्या दप्तरात भिल्लांचं नाव लुटारूपणाशी जोडलेलं दिसतं. ती राजवट गेली. संशय घ्यायची सवय आपण सोडलेली नाही.

उपाय साधा आहे. भिंतीवर एक लाकडी पेटी ठोका. चार्जर आणि बोर्ड आत राहू द्या, चार्जर तापतात म्हणून हवेसाठी भोकं ठेवा. केबल एका भोकातून बाहेर काढा आणि आतल्या बाजूला तिला केबल टाय घट्ट आवळा. बाहेरून कितीही ओढली तरी टाय भोकाशी अडतो, त्यामुळे केबल निघत नाही आणि ओढीचा ताणही चार्जरपर्यंत पोचत नाही. बाहेर हातभर केबल ठेवा, पिनपाशी सैल वळण असू द्या. केबलीवर रंगीत टेप, टेपवर क्रमांक. वहीत तीन रकाने : कधी लावली, कधी बंद पडली, का. तिसरा रकाना सहा महिने भरा, मग चोराबद्दल बोलू.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘सारखी घातली-काढली तर फोनच बिघडतो.’ टाइप-सी जोडणी मानकानुसार 10,000 वेळा घालण्या-काढण्यासाठी असते आणि झिजणारी स्प्रिंग मुद्दाम केबलीच्या पिनेत ठेवलेली असते. केबल बदलणं स्वस्त पडावं, हाच हेतू.

‘उंदीर भुकेने केबल खातात.’ उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून तो कुरतडतो. कुडाच्या भिंतीतून केबल न्यायची तर लोखंडी पाइपातून न्या. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका.

‘दहा चार्जर लावले की बोर्ड जळतो.’ वीस वॉटचे दहा चार्जर म्हणजे दोनशे वॉट, एक अँपिअरही नाही. बोर्ड जळतो तो बहुतेकदा ढिल्या पिनमुळे. काठीच्या राजवाडी होळीसारख्या गर्दीत खरा धोका वेगळा असतो : एक्स्टेन्शनची रीळ न उलगडता तिच्यावर मोठे हॅलोजन लावणं. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही.

‘कुठल्याही केबलला फोन लावला की माहिती चोरीला जाते.’ अनोळखी जागच्या चार्जिंगबाबत रिझर्व्ह बँकेने 2022 च्या पुस्तिकेत सावध केलं आहे, ते योग्यच. आपला चार्जर थेट प्लगमध्ये लावला की हा प्रश्न उरत नाही.

‘केबल चोरली की थेट तुरुंग.’ 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 303 पाहा. पाच हजार रुपयांच्या आतली वस्तू असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. शाळेतल्या पोराला दमात घेण्याआधी मोठ्यांनी हे वाचावं, आणि त्याहीआधी केबलीची पिन तपासावी.