सापळ्याचा निरोप आणि त्यावरील सही

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री, प्रति सापळा प्रति रात्र आठ किंवा त्याहून अधिक गुलाबी बोंडअळीचे नर पतंग सापडू लागले, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. या एका आकड्यावर फवारणीचा निर्णय अवलंबून असतो. आकडा वाटेत तीनाचा तेरा झाला, तर मजुरी, औषध आणि मित्रकीटक या तिन्हींची हानी होते. तेराचा तीन झाला, तर अळी बोंडात शिरते आणि मग तिच्यापर्यंत कोणतेही कीटकनाशक नीट पोहोचत नाही.

आजवर हा आकडा माणूस मोजत असे. नोंदवहीतील अक्षर ओळखीचे असे आणि शंका आल्यास त्या माणसाला विचारताही येत असे. आता कॅमेरा बसविलेले सापळे शेतात येऊ लागले आहेत. चिकट पृष्ठावरील पतंगांचे छायाचित्र काढणे, त्यांची मोजणी करणे आणि मोबाइल नेटवर्कवरून ती सर्व्हरकडे धाडणे ही कामे यंत्रातील एक छोटा प्रोग्राम परस्पर करतो. माणसाने दर वेळी आज्ञा न देता त्याच्या वतीने काम करणाऱ्या अशा प्रोग्रामला ‘सॉफ्टवेअर एजंट’ म्हणतात. हवामान केंद्र, ओलावामापक, ठिबकचा स्वयंचलित नियंत्रक यांतही असे एजंट असतात. सर्व्हरच्या बाजूला नोंदी तपासून सल्ला तयार करणारा एजंट असतो. म्हणजे दोन यंत्रे माणसाच्या गैरहजेरीत परस्परांशी बोलतात. अशा वेळी पलीकडे नेमके कोण आहे, हे त्यांनी ओळखायचे कसे?

सर्वांत सोपा आणि सर्वांत दुबळा मार्ग म्हणजे सर्व सापळ्यांना एकच पासवर्ड देणे. शेताच्या बांधावरील यंत्र कोणाच्याही हाती पडू शकते. एक सापळा चोरीस गेला आणि त्यातील पासवर्ड बाहेर आला, की त्या प्रकल्पातील कोणत्याही सापळ्याच्या नावाने खोटी नोंद पाठविता येते. पासवर्ड बदलायचा, तर शेकडो शेते पायाखाली घालावी लागतात. संदेश कूटबद्ध केला, एवढ्यानेही हा प्रश्न सुटत नाही. कूटबद्धतेमुळे वाटेतल्याला मजकूर वाचता येत नाही, हे खरे. परंतु तो मजकूर कोणी पाठविला, हे केवळ तिच्यावरून कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यांच्या जोडीत आहे. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी सही करण्याची प्रत्यक्ष गणिती पद्धत दिली. प्रत्येक सापळ्याला स्वतःची खासगी किल्ली असते आणि ती यंत्राबाहेर कधीही जात नाही. तिची जोडीदार सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते. सापळा आपल्या नोंदीचा एक ठरावीक लांबीचा गणिती ठसा काढतो आणि त्यावर खासगी किल्लीने सही करतो. सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळतो. नोंदीतील एक अंक जरी बदलला, तरी ठसा पूर्णतः वेगळा येतो आणि सही जुळत नाही. आज सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारच्या सहीचा आकार जेमतेम 64 बाइट असतो. छायाचित्राच्या तुलनेत तो नगण्य असल्याने नेटवर्क क्षीण असलेल्या गावातही सहीचे ओझे होत नाही.

तथापि, ही सार्वजनिक किल्ली अमुकच सापळ्याची आहे, हे कोण सांगणार? ते सांगणारा दस्तऐवज म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र. बियाण्याच्या पिशवीवरील टॅग ज्याने वाचला आहे, त्याला ते समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. प्रमाणित बियाण्याच्या निळ्या टॅगवर लॉट क्रमांक असतो, वैधतेची मुदत असते आणि प्रमाणीकरण यंत्रणेची साक्ष असते. डिजिटल प्रमाणपत्रातही यंत्राचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची सही असते. फरक एकच, पण मोठा आहे. टॅग काढून दुसऱ्या पिशवीला लावण्याची लबाडी करता येते. प्रमाणपत्राची नक्कल मात्र खासगी किल्लीवाचून निरुपयोगी ठरते. कारण प्रत्येक जोडणीच्या आरंभी नव्याने निर्माण झालेल्या यादृच्छिक अंकांसह चाललेल्या संभाषणावर सापळ्याला सही करून दाखवावी लागते. कालची ऐकलेली सही आज चालत नाही.

ही ओळख दोन्ही बाजूंनी पटविली जाणे आवश्यक आहे. सापळा केवळ नोंदी पाठवीत असल्याने सर्व्हरची खातरजमा कशाला, असे वाटू शकते. परंतु त्याच जोडणीवरून सापळ्याला नवा प्रोग्रामही मिळतो आणि ठिबकच्या नियंत्रकाला तर पंप चालू-बंद करण्याची आज्ञा मिळते. तोतया सर्व्हरची आज्ञा पाळणारा नियंत्रक भर उन्हाळ्यात विहीर उपसून टाकू शकतो.

जोडणी सुरक्षित असली, तरी नोंदीवर स्वतंत्र सही हवी का? हवी. अनेक ठिकाणी सापळ्यांच्या नोंदी आधी गावातील एका गेटवे यंत्रात साठतात आणि नेटवर्क मिळेल तेव्हा पुढे जातात. सापळ्याची जोडणी गेटवेपाशी संपते, त्यामुळे तिचे संरक्षणही तेथेच संपते. नोंदीवरची सही मात्र नोंदीबरोबर शेवटपर्यंत जाते आणि हंगाम संपल्यावरही पडताळता येते. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटविली जाई, ती मजकूर येथे संपला हे दाखविण्यासाठी, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्याच व्यवहारातला. नव्या सहीने तेच काम करावयाचे असेल, तर पतंगांच्या संख्येबरोबर सापळ्याचा क्रमांक, दिनांक, वेळ आणि नोंदीचा अनुक्रमांकही सहीच्या आत आला पाहिजे. अन्यथा जुनी, खरी सही असलेली नोंद पुन्हा पाठवून आजची म्हणून खपविता येते.

एवढे सर्व नीट बसविल्यानंतर बिघाड होतो तो बहुधा घड्याळात. प्रमाणपत्राची मुदत सापळा स्वतःच्या घड्याळावरून तपासतो. बॅटरी पूर्ण उतरली की काही यंत्रांचे घड्याळ 1 जानेवारी 1970 वर जाते, कारण त्यांची कालगणना तेथूनच सुरू होते. त्या यंत्राच्या दृष्टीने सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नसते. ते जोडणी नाकारते. वरकरणी सापळा सुस्थितीत, बॅटरी नवी, नेटवर्क आहे, तरीही नोंद येत नाही. बॅटरी बदलल्यावर यंत्राचा दिनांक पाहण्याची सवय विस्तार कार्यकर्त्यांनी लावून घेतली, तर पुष्कळ फेऱ्या वाचतील.

दुसरे कारण मुदत संपण्याचे. संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या विश्वासशृंखलेतील एक जुने मूळ प्रमाणपत्र 30 सप्टेंबर 2021 रोजी कालबाह्य झाले. त्या दिवशी ज्या जुन्या उपकरणांतील विश्वासू यंत्रणांची यादी अद्ययावत नव्हती, त्यांतील अनेकांची जोडणी तुटली. शेतातील यंत्र पाच-सात वर्षे चालावे अशी अपेक्षा असेल, तर त्याची प्रमाणपत्रे आणि ही यादी दूरवरून, स्वाक्षरित अद्ययावतीकरणाने बदलण्याची सोय खरेदीच्या वेळीच मागितली पाहिजे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने यातील खरा धोका निराळाच आहे. ‘आज शून्य पतंग’ आणि ‘आज निरोपच नाही’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. जोडणी नाकारली गेल्याने आलेली पोकळी तक्त्यात शून्य म्हणून भरली गेली, तर सरासरी खाली येते आणि पातळी ओलांडली गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पतंग नसले तरी सापळ्याने स्वाक्षरित शून्य पाठविलेच पाहिजे. आणि निरोप न आलेला दिवस तक्त्यात रिकामाच राहिला पाहिजे.

सहीची मर्यादाही ध्यानात असावी. निळा टॅग बियाण्याची शुद्धता व उगवणशक्ती सांगतो, उत्पन्नाची हमी देत नाही. तद्वत सही नोंदीचा उगम सांगते, मोजणीचा अचूकपणा नव्हे. ल्यूर वेळेवर बदलला नसेल, चिकट कागद धुळीने भरला असेल किंवा प्रोग्राम दुसऱ्याच पतंगाला गुलाबी बोंडअळीचा पतंग समजत असेल, तर चुकीचा आकडाही निर्दोष सहीनिशी येतो. आठवड्यातून एकदा डोळ्यांनी केलेली मोजणी आणि वीस बोंडे फोडून पाहणे यांना पर्याय नाही.

खासगी किल्लीची राखण हा भाग शेवटी माणसाकडेच येतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना डिजिटल सहीचे यूएसबी टोकन परिचित आहे. आणि ते पिनसह कार्यालयातील संगणकचालकाच्या खणात कायमचे ठेवण्याची प्रथाही परिचित आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 42 नुसार खासगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे आणि ती उघड झाल्यास प्रमाणन प्राधिकाऱ्यास विनाविलंब कळविणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे. सापळ्यांची प्रमाणपत्रे सहसा प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रणेने दिलेली असतात, या कायद्याखालील परवानाधारक प्राधिकाऱ्याने नव्हे. शिस्त मात्र तीच हवी. शक्य तेथे किल्ली सुरक्षित चिपमध्ये असावी आणि प्रत्येक यंत्राची निराळी असावी, म्हणजे एक सापळा हरवला तर तेवढेच एक प्रमाणपत्र रद्द करून बाकीचे काम चालू ठेवता येते. त्यासाठी सापळा हरवल्याचे कोणाला, किती तासांत कळवावयाचे, हे हंगामापूर्वीच ठरलेले असावे. नादुरुस्त यंत्र भंगारात देताना किंवा दुसऱ्या शेतकऱ्याकडे सोपविताना त्यातील किल्ली पुसून जुने प्रमाणपत्र रद्द करावे आणि नव्या जागेच्या नावाने नवे घ्यावे. नाहीतर खरगोनला गेलेला सापळा यवतमाळच्या शेताच्या नावाने नोंदी पाठवीत राहतो.