रोवणीच्या दिवसांत घरातलं लहान मूल कोणाच्या भरवशावर?



विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि थोड्याच दिवसांत आमच्या दिघोरी परिसरात धानाची रोवणी सुरू होते. घरातली सगळी मोठी माणसं बांधीत आणि वर्गातली हजेरी अर्ध्यावर. हजेरीपट नीट पाहिला तर गैरहजर राहणाऱ्यांत मुलीच जास्त दिसतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "लहान भावाला पाहायला घरी होती."

मागच्या पावसाळ्यात तिसरीतली एक मुलगी तीन दिवसांनी शाळेत आली. गप्प गप्प होती. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "मॅडम, मी भांडे घासत होती न, तं बाबू बादलीत डोकसं घालून पडला." शेजारच्या आजीने वेळेवर पाहिलं म्हणून बाळ वाचलं. पण घरी सगळ्यांनी बोल लावला तो हिलाच. वय वर्षे आठ!

त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जात नाही. चूक त्या मुलीची होती का? मला वाटतं, नाही. "लक्ष ठेव" एवढं सांगून आपण आपली जबाबदारी एका लेकराच्या खांद्यावर टाकतो. मूल सूचनांनी सुरक्षित होत नाही, ते व्यवस्थेने सुरक्षित होतं. आजचा लेख त्यासाठीच.

बादलीभर पाणी इतकं धोक्याचं का?

एक-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं. बादलीत वाकून पाहताना त्याचा तोल पुढे जातो. हातांत स्वतःला वर ढकलण्याएवढी ताकद नसते आणि पाण्याने भरलेली बादली जड असल्यामुळे कलंडतही नाही. नाक-तोंड बुडेल एवढं थोडं पाणीही पुरतं. तोंड पाण्यात असल्याने रडण्याचा आवाज येत नाही. म्हणून "रडला असता तर ऐकू आलं असतं" या भरवशावर राहू नका. सगळं दोन-चार मिनिटांत होऊन जातं.

आपला भंडारा तर तलावांचा जिल्हा. गावोगावी मामा तलाव आहेत, शेतात बोड्या आहेत, पावसाळ्यात बांध्याही भरलेल्या. तलावाची भीती सगळ्यांना असते, पण रांगणाऱ्या बाळाचा तलाव म्हणजे न्हाणीतली बादली, हे आपण विसरतो.

घरात काय बदलायचं?

१) वापर झाला की बादली, टब रिकामे करून पालथे घाला. पाणी साठवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये साठवा. न्हाणीच्या दाराला बाळाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावा.

२) अंगणाच्या दाराला आडवी फळी बसवा. मोठी माणसं ओलांडून जातील, रांगणारं बाळ अडेल. कामाच्या वेळी बाळाचा पाय लुगड्याने बाजेला बांधून ठेवण्याची रीत काही घरांत आहे. ती नको. गुंता होऊन गळ्याला फास बसू शकतो.

३) आंघोळीसाठी बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग त्यात गरम मिसळा. उकळतं पाणी आधी ओतून थंड आणायला गेलो की तेवढ्यात बाळ हात घालतं. पाण्यात हीटरचा रॉड सोडून खोलीबाहेर जाऊच नका.

४) फवारणीचं औषध, रॉकेल, फिनाईल कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरू नका. लहान मूल बाटली ओळखतं, आतलं औषध ओळखत नाही.

५) शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, खेळण्यातले चपटे सेल खाली पडू देऊ नका. दाणा श्वासनलिकेत अडकतो. सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

भातशेतीच्या दुसऱ्या एका मुलखातून शिकू या

बांगलादेशही आपल्यासारखाच भाताचा आणि तळ्यांचा प्रदेश. तिथे लहान मुलं बुडण्याच्या घटना फार होत. त्या नेमक्या कधी होतात याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की आई कामात असते त्या सकाळच्या वेळीच त्या जास्त घडतात. मग गावातल्याच एका बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत लहान मुलं सांभाळण्याची केंद्रं सुरू झाली. त्यांना 'आंचल' म्हणतात. या केंद्रांत येणाऱ्या मुलांमध्ये बुडून मृत्यू होण्याचं प्रमाण खूप कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये लहान मुलांसाठी अशा पाळणाघरांची शिफारस केली.

आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे. तीन वर्षांवरचं मूल रोवणीच्या दिवसांत रोज तिथे जाईल एवढं तरी बघा. त्याहून लहान बाळांसाठी केंद्र सरकारच्या मिशन शक्तीमध्ये 'पाळणा' योजना आहे. आपल्या गावात ती आणता येईल का, हा विषय ग्रामसभेत मांडा. तोपर्यंत चार-पाच घरांनी मिळून एक मोठी बाई पाळीपाळीने घरी ठेवावी. एका दिवसाची मजुरी बुडेल हे खरं आहे. पण ती पाच घरांत वाटली तर भार हलका होतो, आणि पाच घरांतल्या मुली शाळेत येतात.

रस्त्यावर

दिघोरीहून साकोलीला किंवा लाखांदूरला जाताना रोज एक दृश्य दिसतं. बाबा गाडी चालवतात, टाकीवर एक मूल, मागे आई, तिच्या मांडीवर बाळ. अचानक ब्रेक लागला तर टाकीवरचं मूल हँडलवर आपटतं आणि मागून बाबांचं पूर्ण वजन त्याच्यावर येतं. आईच्या मांडीवरचं बाळ कितीही घट्ट धरलं तरी त्या झटक्यात हातात राहत नाही.

१५ फेब्रुवारी २०२२ ला केंद्र सरकारने यासाठी नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाच्या अंगाला जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. चार वर्षांवरील प्रत्येकाला तर मोटार वाहन कायद्यानेच हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिन्यांच्या आतलं बाळ दुचाकीवर नेऊच नका, एसटीने किंवा ऑटोने जा. आईने पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्यावी. आणि आठवी-नववीच्या मुलाच्या हाती गाडी देऊन "लहान्याला शाळेत सोडून ये" म्हणू नका. त्यासाठी पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही काही झालंच तर

१०८ ला फोन करा. बुडालेल्या बाळाला उलटं धरून फिरवू नका, पोट दाबू नका, त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं लागतं. हे वाचून येत नाही, करून शिकावं लागतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विनंती करून पालकसभेत प्रात्यक्षिक ठेवा. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

शिक्षकांसाठी एक उपक्रम

रोवणीच्या आधी एक पालकसभा घ्या. वर्गात मुलांना "माझ्या घरातल्या पाच धोक्याच्या जागा" हे चित्र काढायला सांगा. माझ्या वर्गातल्या मुलांनी विहीर, चूल, बोडी, विजेचा बोर्ड सगळं काढलं. त्या मुलीने फक्त एक बादली काढली होती.

ती चित्रं मी पालकसभेत भिंतीवर लावली. कोणाला वेगळं काही सांगावं लागलं नाही. पालकहो, आज संध्याकाळी एकदा बाळासारखं खाली बसून, रांगून आपलं घर बघा. धोका तिथूनच दिसतो. आणि उद्या आपल्या मुलीला शाळेत पाठवा. बाळ सांभाळणं तिचं काम नाही, ते आपलं आहे.