गाठ नाही, तरीही

स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, हे मालवण-देवगडकडे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पण काही विरळ प्रकारांत गाठ अनेकदा हाताला लागतच नाही. दाहक प्रकारात काही आठवड्यांतच स्तन लाल, गरम, जड होतो; कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. अंगावर पाजणारी बाई असेल तर गळूच समजतात. पॅजेटच्या रोगात स्तनाग्राला खाज आणि खपली येते. जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८७४ मध्येच त्याचा कर्करोगाशी असलेला संबंध नोंदवला; तरी आजही इसब म्हणून मलमं लावण्यात महिने जातात. दमट किनाऱ्यावर त्वचेच्या तक्रारी नेहमीच्याच, त्यामुळे चूक समजण्याजोगी आहे, परवडणारी नाही.

मॅमोग्राफी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होऊ नये. निदान पक्कं होतं ते बायोप्सीने: त्वचेचा छोटा तुकडा, जाड सुईने काढलेला नमुना, मग त्यावर ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (एक प्रथिन) या चाचण्या. उपचार बरेचसे त्यांवर ठरतात. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून सुरुवात करता येते. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि परळचं टाटा रुग्णालय पुढे आहेतच. औषधाने आठ-दहा दिवसांत लाली उतरली नाही, तर डॉक्टरांना बायोप्सीबद्दल थेट विचारा.